हौद्यातली रेघ

खडकोलीच्या गडावर ऊन उतरतं ते आधी भैरवबुरुजावर, मग माचीवरच्या चाळीस रामोशी घरांवर, आणि सगळ्यांत शेवटी पायथ्याच्या राजवाड्यावर. वाड्यात उजाडलं म्हणून तिथल्या माणसांच्या डोक्यात उजेड पडतोच असं मात्र नाही. पेशवाई बुडून वीस-बावीस वर्षं लोटली होती, तोफांना गंज चढला होता, दारूच्या कोठारात वटवाघळं नांदत होती, तरी श्रीमंत गुणाजीराव खडकोलीकर रोज सकाळी मिशांना तूप लावून, चौघड्याच्या तालावर, आपण अजून राज्य करतो आहोत अशा थाटात बाहेर पडत. राज्य कसलं डोंबलाचं! कुंपणी सरकारच्या छावणीतला एक कप्तान खाकरला की सगळ्या दरबाराला पडसं होई.

माघातल्या त्या सकाळी हैबती नाईक माचीवरच्या आपल्या अंगणात बसून कवड्याचं अंग ओल्या फडक्याने पुसत होता. हैबती म्हणजे गडाच्या रामोश्यांचा म्होरक्या. सात पिढ्या या घराण्याने गडाचे पहारे राखलेले, आणि श्रीमंतांच्या शिकारखान्यातली कुत्रीही त्याच्याच हाताखाली. कवड्या त्यांतलाच, पण जातीने विलायती. अंगाने पांढरा, एका कानावर काळा ठिपका, डोळे बारीक आणि जबडा असा रुंद की बघणाऱ्याने दोन पावलं मागेच सरावं.

ही जात देवाने घडवलेली नव्हे, माणसाने. बैलाच्या नाकाला लोंबकळून त्याला लोळवणारं जड कुत्रं एकीकडे, बिळात शिरून उंदीर-कोल्हे फाडणारं चपळ कुत्रं दुसरीकडे, आणि या दोघांच्या संकरातून टोपीकरांनी हे तिसरं काढलं. का? तर त्यांच्या मुलखात कायद्याने बैलांची झुंज बंद झाली, आणि रक्त बघायची चटक काही कायद्याने सुटत नाही. मग खोलीत, तळघरात, चार फळ्यांच्या आड कुत्र्याला कुत्रं भिडवायची मौज सुरू झाली. स्वतःला सुधारलेले म्हणवणारे लोक हो हे! मात्र एक गोष्ट त्यांनी कटाक्षाने पाळली. झुंजीच्या ऐन भरात मालकाला हात घालून आपलं कुत्रं सोडवावं लागे, म्हणून माणसाला चावणारं पिल्लू ते तिथल्या तिथे मारत. पिढ्यान्‌पिढ्या असं केल्यावर जात अशी निपजली की समोरच्या कुत्र्याचा गळा फोडील, पण माणसाच्या बोटाला दात लावणार नाही.

कप्तान मॅलरीने तीन वर्षांपूर्वी श्रीमंतांना हे पिल्लू नजर केलं, तेव्हा छावणीतल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या शिपायाने हैबतीला हे सगळं खुणांनी आणि मोडक्या हिंदुस्थानीत समजावलं होतं. माचीवरची रांगती पोरं कवड्याचे कान धरून उभी राहायला शिकली. वाड्यात मात्र कुणी हे विचारलंही नाही. तिथे त्याच्या नुसत्या जबड्याचा गवगवा.

आणि त्या जबड्यावर आज गड टांगला होता. दसऱ्याच्या मेजवानीत विलायती दारूचा तिसरा पेला पोटात गेल्यावर श्रीमंत म्हणाले होते, "आमच्या कवड्यापुढे आपला सार्जंट घटकाभर उभा राहायचा नाही." सार्जंट हा कप्तानाचा कुत्रा. कप्तानाने विचारलं, "पैज?" आणि सात पिढ्यांच्या पुण्याईला काडी लावावी तसे श्रीमंत म्हणाले, "गड!" कवड्या जिंकला तर छावणी नदीपार जाईल आणि गडाचं नाव कुंपणी पुन्हा काढणार नाही. कवड्या हरला तर गड खाली, माची रिकामी, चाळीस घरं रस्त्यावर.

"राखायचा आपन जिवावर आन् लावायचा ह्यांनी कुत्र्याच्या दातावर!" हैबतीची बायको ठकूबाई दारातून कडाडली. "ह्या राजाला न्हाणीतच बुडवायला पायजे हुता!"

"हळू बोल. खालपत्तुर आवाज जातोय," हैबती म्हणाला, पण मनातून त्याला बायकोचा एक शब्दही खोटा वाटला नाही.

पहिल्या प्रहरी वाड्याच्या आवारात दरबार भरला. मल्लांच्या हौद्यातली तांबडी माती सारखी करून भोवती कमरेइतक्या फळ्या ठोकल्या होत्या, आणि मधोमध चुन्याची रेघ ओढली होती. एका बाजूला खुर्च्यांवर कप्तान आणि त्याचे चार साथीदार साहेब. दुसऱ्या बाजूला मसनदीवर श्रीमंत, आणि त्यांच्या उजव्या हाताला कारभारी विसाजीपंत. विसाजीपंत नेहमी हात जोडलेलेच असत, त्यामुळे त्या हातांत काय आहे ते कुणाला दिसत नसे. गड खाली झाला तर दोन गावं वंशपरंपरेने इनाम आणि वर पालखी, असं कप्तानाने त्यांना आधीच कबूल केलं होतं. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा, एवढं सांगून साहेबाने हात झटकले होते.

कप्तान उठला आणि आपल्या तऱ्हेवाईक मराठीत मोठ्या ऐटीने त्याने नेम सांगितले. कुत्री आपापल्या कोपऱ्यातून सुटतील; ज्याने रेघ ओलांडली नाही तो हरला. आणि झुंजीआधी एका पक्षाचा माणूस दुसऱ्याच्या कुत्र्याचं अंग जिभेने चाटून पाहील, कारण लबाड लोक कातडीला तिखट नाहीतर विष चोळतात. "असं काही अंगावर सापडलं, तर तो कुत्रा हरला. कोणी लावलं ते आम्ही विचारत नाही. कुत्र्याचं अंग, मालकाची जबाबदारी."

साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता विसाजीपंत पुढे सरसावले. त्यांच्यामागे चांदीच्या दोन वाट्या घेतलेला एक हुजऱ्या उभा होता.

"श्रीमंत," पंत म्हणाले, "मल्लाला कुस्तीआधी आणि बैलाला पोळ्याला तेलाचा हात लागतो. आज या मुक्या वीरांनाही देवीच्या समईतलं तेल लागावं, अशी सेवकाची इच्छा आहे. पाहुण्यांच्या कुत्र्याला हा मान मी स्वतःच्या हाताने देईन."

म्हातारा गोरा शिपाई कुरकुरला, पण कप्तानाने हसून मान हलवली. हुजऱ्याने एका वाटीतलं तेल कवड्याला लावलं. पंतांनी दुसरी वाटी उचलली, दुसऱ्या हाताला रेशमी फडकं गुंडाळलं आणि सार्जंटच्या गळ्याच्या वळ्यांत तेल चांगलं जिरवलं. कुत्र्याला शिवायचं म्हणून फडकं, असं सर्वांना वाटलं. हैबतीलाही तसंच वाटलं.

मग गोरा शिपाई आला आणि त्याने कवड्याची मान, छाती, पाय सरळ चाटून काढले. दरबारात शी-शी झाली, बायकांच्या चिकाच्या पडद्यामागून हसू फुटलं. शिपायाने तोंड पुसून मान डोलावली. कवड्या साफ होता. हैबती फळीवर पाय टाकणार तोच विसाजीपंतांनी हात वर केला.

"नाईक, थांबा! खडकोलीच्या दौलतीचा चाकर टोपीकराच्या कुत्र्याला भर दरबारात जीभ लावणार? श्रीमंत, पाहुण्यांच्या शब्दावर आमचा भरवसा आहे. ही परीक्षा आम्ही माफ केली, असं म्हणण्यातच या गादीचा मोठेपणा आहे."

"वाहवा! क्या बात!" सरदार-मानकऱ्यांच्या माना डोलल्या. अब्रू म्हटलं की या मंडळींना अक्कल गहाण टाकायला क्षण लागत नसे. श्रीमंतांची छाती वीतभर फुगली. "कारभारी यथार्थ बोलले. हैबती, मागे हो."

हैबती हलला नाही. उगाच कुणी गोरा माणूस कुत्रं चाटत नाही, एवढं त्याला कळत होतं. आणि ज्या गोष्टीपायी चाळीस घरं उठणार ती गोष्ट मोठेपणापायी माफ करायला ती घरं काही विसाजीपंतांच्या बापाची नव्हती.

"रीत म्हंजे रीत, सरकार," तो म्हणाला. "त्यांनी आमचा चाटला, मी त्यांचा चाटनार."

आणि कुणी अडवायच्या आत फळी ओलांडून तो सार्जंटपुढे गुडघ्यांवर बसला. त्याने त्या कुत्र्याच्या गळ्याच्या वळीवर जीभ फिरवली. आधी तिळाच्या तेलाची चव आली, मग कापराची. मग जिभेच्या शेंड्याला मुंग्या आल्या, ओठ बधिर होऊ लागले, आणि हैबतीला बापाची आठवण झाली, कारण रानडुकरासाठी बाणाच्या टोकाला त्याचा बाप हेच लावायचा. बचनाग! कवड्या गळाच धरणार, धरला की त्याचा जबडा ढिला पडणार, आणि गड जाणार. हैबती थुंकला आणि उभा राहिला.

"सरकार, ह्या अंगावर बचनाग हाय."

साहेब लोक खुर्च्यांवरून अर्धवट उठले. आधी भानावर आले ते विसाजीपंतच. "खोटं! साफ खोटं! देवीच्या तेलाची विटंबना! श्रीमंत, या हरामखोराला टकमकीवरून लोटून द्या!"

श्रीमंतांनी पंतांकडे पाहिलं, कप्तानाकडे पाहिलं, मग आपल्या अंगठ्यांकडे पाहिलं. "पुरावा?" ते कसेबसे म्हणाले.

"पुरावा पंतांच्या हातात हाय जी. वाटीत."

"म्हणजे? कुत्र्याला लावलेल्या तेलाला मी जीभ लावू? ब्राह्मण आहे मी!"

"वाटीतल्या तेलाला कुत्रं कुठं शिवलंय, पंत?" हैबतीची जीभ जड झाली होती, तरी शब्द सगळ्यांना ऐकू गेले. "देवीचं तेल हाय, तुम्हीच म्हनलात. परसाद समजा. बोट बुडवा आन् चाखा. मी खोटा निघालो तर लोटायची तसदी नको, माझ्या पायानं टकमकीवर जातो."

शे-दीडशे माणसांचे डोळे त्या एका वाटीवर खिळले. पंतांनी वाटी उचलून ओठांपर्यंत नेली, खाली आणली, देवीचं नाव घेतलं, पुन्हा नेली. वाटी सुटली आणि तेल त्यांच्याच पावलावर सांडलं. अरे, काय उडाले म्हणता पंत! विंचू चावावा तसे एका पायावर नाचत, "पाणी, पाणी!" करत ते आपल्याच उपरण्याने पाय खसाखसा पुसू लागले. देवीच्या तेलाला एवढं भिणारा भक्त खडकोलीने त्याआधी पाहिला नव्हता.

म्हातारा गोरा शिपाई कप्तानाच्या कानाशी वाकला. नेम सर्वांसमोर स्वतः साहेबानेच सांगितला होता, चार साहेबांच्या साक्षीने: कोणी लावलं ते विचारायचं नाही, कुत्रा हरला. कप्तानाचा चेहरा बीटासारखा झाला. पण छावणीभर हसं होण्यापेक्षा नदीपलीकडे तंबू ठोकणं परवडलं. "सार्जंट हरला," तो म्हणाला आणि टोपी घालून चालता झाला. शब्दाला जागला म्हणून त्याचे गोडवे गाणारे पुढे निघाले. हसायला चार साहेब नसते तर दिसलं असतं त्याचं इमान.

सार्जंट तसाच बांधलेला होता. तो अंग चाटील तर मरेल, याचं भान कप्तानालाही नव्हतं. हैबतीने राख आणि कढत पाणी मागवलं आणि झुंजीसाठी थरथरणाऱ्या त्या जनावराचा गळा दोन्ही हातांनी चोळून धुतला. कुत्र्याने त्याच्या बोटाला दात लावला नाही. मग हैबती तिथेच मातीत आडवा झाला.

तीन दिवस तो ओकत होता. ठकूबाईने दूध-तूप पाजून त्याला माघारी आणला, पण जिभेची चव कायमची गेली. मिरची काय नि गूळ काय, त्याला सारखंच.

दरबाराने न्याय केला तो ऐका. विसाजीपंतांच्या वाटीत वैद्याचं सांधेदुखीचं औषध चुकून पडलं, असं ठरलं. पंत महिनाभराने दुसऱ्या संस्थानात कारभारी झाले आणि त्यांना पालखीही मिळाली. हैबतीने मात्र भर दरबारात कुत्र्याला जीभ लावली होती, सबब प्रायश्चित्त घेईपर्यंत त्याने वाड्याची पायरी चढू नये, असा हुकूम निघाला. लाज वाटायला ती असावी लागते. हैबतीने प्रायश्चित्त घेतलं नाही आणि पायरीही चढला नाही. कवड्याला घेऊन तो माचीवर राहिला, आणि कवड्या परत करा असं म्हणायला वाड्यातून कुणी आलं नाही.

चैत्रात एके दिवशी, भैरवबुरुजावर नुकती उन्हं आली असताना, खुद्द श्रीमंत सहा स्वार घेऊन माचीवर आले. हैबतीच्या दारासमोर ते पायउतार झाले.

"हैबती, झालं गेलं विसर," ते म्हणाले. "पलीकडच्या संस्थानिकाने असलंच कुत्रं आणलंय. फार फुशारक्या मारतो. आम्ही पैज लावली आहे. कवड्याला दे."

"काय लावलंसा, सरकार?"

श्रीमंतांनी घसा साफ केला. "गडच. पण कवड्या हरायचा नाही रे!"

ठकूबाईने दारात कपाळावर हात मारून घेतला. हैबती उठला. कोपऱ्यातली काठी घेऊन त्याने अंगणाच्या तोंडाशी, श्रीमंतांच्या जोड्यांपासून हातभर अंतरावर, आडवी रेघ ओढली आणि मागे येऊन बसला. रेघेच्या अलीकडे कवड्या जिभल्या चाटत उभा होता.

"ही काय बेअदबी!"

"न्हाई जी. सायबाचीच रीत हाय. रेघ ओलांडा, त्येच्या गळ्यात हात घाला आन् घिऊन जावा. मी आडवा येनार न्हाई."

श्रीमंतांनी स्वारांकडे पाहिलं. स्वारांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांतल्या एकालाही घोड्यावरून उतरायची घाई दिसली नाही. श्रीमंतांनी एक पाऊल उचललं. तेवढ्यात कवड्या शेपूट हलवत, मागचं सगळं अंग हलवत, नवं माणूस आलं म्हणून आनंदाने रेघेपर्यंत धावला. श्रीमंत मागच्या मागे असे सरकले की पगडी कानावर आली.

"उन्हं फार झाली," पगडी सावरत ते म्हणाले. "पुन्हा बघू."

"उन्हं?" ठकूबाई म्हणाली. "अवो, अजून माचीवर आलीबी न्हाईत!"

पण घोडे वळले होते. टापांचा आवाज उतारावरून खाली खाली गेला. शेजारच्या घरातलं एक नागडं पोर रांगत आलं, कवड्याचा कान धरून उभं राहिलं, आणि कवड्याने त्याचं तोंड चाटलं.

"का वं, काय झालं?" शेजारीण घाबऱ्या घाबऱ्या विचारत आली.

"काय न्हाई," हैबती म्हणाला. "रेघ न्हाई ओलांडली."