मारव्यातला सा

दिवा तेवढा बारीक करा. सांगतो, पण मधे कुणी गुणगुणायचं नाही, हे आधीच कबूल करा.

हे घडलं माझ्या मित्राच्या बाबतीत. धंद्यानं वायरमन. माणूस इतका सरळ, की फ्यूज कुणाच्या मूर्खपणानं उडाला हेही घरमालकाच्या तोंडावर सांगायचा. पंचेचाळिशीत त्याला गाणं शिकायची हुक्की आली. बायको म्हणाली, "वरातीमागून घोडं." तरी हा रोज सहाच्या ठोक्याला, खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच, गाण्याच्या बाईंकडे हजर.

डिसेंबरची बारा तारीख, गुरुवार. पावणेसहाला बाईंच्या धाकट्या बहिणीचा दवाखान्यातून फोन आला. "भाऊ, ताईच्या कपाटातून जुने रिपोर्ट आणता का? किल्ली तुमच्याकडेच आहे ना? आज जरा बरी आहे ती." कामच ते, निघाला.

किल्ली त्याच्याकडे कशी, ते ऐका. बाई सत्तरीच्या, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. गेल्या रविवारी त्यांनी त्याला मारवा राग सांगायला घेतला होता. याची वही मांडीवर. बाई सांगत होत्या, "रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. हे पोपटही पाठ करील. स्वभाव ओळख. मुक्काम रिषभावर आणि धैवतावर. सा म्हणजे घर. पण घरी जायची घाई करायची नाही. दारावरून जायचं, आत डोकवायचं, पुढं निघायचं. सा लागला की जीव निवांत होतो, आणि मारवा निवांत झाला की संपला."

घाई हाच तर याचा रोग. प्रत्येकाचं गाणं ऐकून बाई त्याच्या वहीत लाल पेन्सिलीनं एक ओळ शेरा लिहायच्या. याच्या वहीत सहा महिने पानोपानी एकच शब्द होता: घाई.

मग बाईंनी गाऊन दाखवायला घेतलं. ध, नि, रे... रिषभावर थांबल्या. तिथंच तोंड वाकडं झालं. उजवा हात मांडीवरून घसरला. यानंच त्यांना दवाखान्यात नेलं. निघताना सवयीनं मेन स्विच बंद केला, वही पिशवीत कोंबली आणि दाराला कुलूप लावलं.

तर गुरुवारी सहा वाजून पाच मिनिटांनी त्यानं ते कुलूप काढलं. उजेड जवळजवळ गेला होता. कपाट बाहेरच्या खोलीत. टॉर्च दातांत धरून त्यानं फाईल शोधली, पिशवीत टाकली. निघायला वळला.

आतल्या खोलीतून सूर आला.

ध... नि... रे...

रेडिओ राहिला असेल चालू, असं त्याला वाटलं. मग मेन स्विचकडे टॉर्च मारला. खटका खालीच होता. यानंच पाडलेला.

ध... नि... रे...

आवाज बाईंचा. शंकाच नाही.

तो आत गेला. कोपऱ्यात तंबोरा, गवसणीत. समोर बाईंची सतरंजी. सतरंजीवर कुणी नाही. पण सूर तिथूनच येत होता. बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवरून.

रे... मग श्वास. पुन्हा रे...

पुढं सरकत नव्हता. मागं येत नव्हता. श्वास आखूड होत चालला होता.

पळून जावं, असं त्याच्या मनात आलंच नाही. त्याला भीतीपेक्षा दया आली. बाई अडल्यात. एवढंच त्याला कळलं.

रे...

रे...

त्याला ऐकवेना.

त्यानं डोळे मिटले. आणि सा लावला. आयुष्यात कधी लागला नव्हता, इतका स्वच्छ.

सूर थांबला.

श्वासही.

...

खिशात फोन वाजला. बहीण.

"भाऊ... ताई गेली. आत्ता, सहा अकराला. शुद्धीवर येत होती हो. ओठ हलत होते, घशातून सूर येत होता. एकच सूर, सारखा. डॉक्टरही म्हणाले, चांगलं लक्षण आहे. आणि मग एकदम... निवांत झाली."

मी त्याला खूप समजावलं. वय झालेलं, झटका मोठा, तू काय करणार होतास? तो म्हणाला, "अडलेल्या होत्या, तोवर होत्या ना?" गाणं त्याच दिवशी सुटलं. आता घरात कुणी नुसतं गुणगुणलं तरी उठून बाहेर जातो. बायकोही थट्टा करत नाही.

महिन्याभरानं पिशवी रिकामी करताना ती वही निघाली. रविवारपासून पिशवीतच होती, आणि पिशवी याच्या खांद्यावर. त्याला ती घरात ठेववेना, म्हणून माझ्याकडे आणून दिली. त्या कपाटात आहे, हवी तर सकाळी बघा. रविवारचं पान आहे. वर त्याच्या अक्षरात रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. बाईंना त्या दिवशी शेरा लिहायला सवड मिळाली नव्हती, ती जागा मी कोरी असेल असं धरून चाललो होतो.

तिथं लाल पेन्सिलीनं, बाईंच्या त्याच सरळ अक्षरात लिहिलंय:

सा लवकर लावलास.