वजाची रेघ

दवाखान्याच्या जुन्या नोंदी नव्या संगणकात चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण नाही म्हणायचाही मला कंटाळा आला होता. जुना प्रोग्रॅम तारखा सेकंदांत साठवायचा. एक जानेवारी एकोणीसशे सत्तर म्हणजे शून्य. त्याआधी जन्मलेल्यांचा आकडा वजा. पण वजाची रेघ वेगळ्या रकान्यात होती. आमच्याकडे रकाना मोकळा राहिला की त्यात रेघ मारतात, मला वाटलं तीच ही. चाळीस हजार नोंदींचा तो रकाना मी जांभई देत उडवला आणि घरी गेलो.

घरी आम्ही दोघंच, आई आणि मी. आई एकोणऐंशीची. तिचं हृदय थकलंय, फार तर महिनाभर, असं आमच्याच डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी नोंदणीच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आज एकालाही चाकाची खुर्ची लागली नाही. म्हातारे जिना चढून गेले, तेही गप्पा मारत."

संध्याकाळी आई गच्चीवर ओले कपडे पिळत होती. तीन मजले चढून गेलेली, पण धाप नाही.

"बरी आहेस ना गं?"

"मला काय धाड भरलीय?"

सकाळी मी तिची नोंद उघडली. रेघ गेल्याने सत्तरच्या आधीची वर्षं सत्तरच्या पुढे मोजली गेली, आणि सेहेचाळीस सालचा जन्म त्र्याण्णव सालचा झाला होता. वय एकतीस. चूक माझी, एवढं कळलं. बाकी काही कळलं नाही. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. मी संगणक बंद केला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. त्या रात्री कितीतरी वर्षांनी मला गाढ झोप लागली.

पुढच्या दिवशी कामावरून आलो, तर तिने दार अर्धंच उघडलं. केस काळेभोर.

"कोण हवंय?"

"आई, मी."

पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या, दमलेल्या माणसाकडे तिने नीट पाहिलं.

"हे घरी नाहीत. उद्या या," ती म्हणाली आणि आतून कडी लावली.

बाबांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी पायरीवर बसून रडलो. ती मला हवी होती, पण मला ओळखणारी. एकतिसाव्या वर्षी तिचा मुलगा दोन वर्षांचा होता. मला ती कुठून ओळखणार?

तसाच दवाखान्यात परतलो. राखून ठेवलेल्या प्रतीतून तो रकाना परत आणला. सगळ्या रेघा आपापल्या जागी बसल्या. आपण काय करतोय हे मला ठाऊक होतं.

घराचं दार उघडं होतं. आई पलंगावर होती. केस पांढरे, छाती धपापत होती. मला पाहून हसली.

"आलास?"

"आलो गं," मी दारातूनच मोठ्याने म्हणालो.

"हळू बोल," तिने ओठांवर बोट ठेवलं. "आत्ताच झोपवलंय तुला."

तिच्या शेजारी, तिच्या हाताखाली, चादर संथपणे वर-खाली होत होती.