हिरव्या अक्षरांचा कॉम्प्युटर

“अहो, थांबा! मारू नका त्याला!”

तिचा हातोडा वरच्या वर थांबला. फाटकातून एक उंच तरुण धापा टाकत आला आणि तिने फोडायला घेतलेल्या जुनाट कॉम्प्युटरला त्याने चक्क मिठी मारली.

“नातेवाईक का तुमचे?” तिने विचारलं.

“आजोबा समजा!” तो हसला. गालाला धूळ लागलेली, डोळे मात्र लख्ख... बाईसाहेब तिथेच गारद झाल्या.

भंगारखाना तिच्या काकांचा. आलेलं यंत्र फोडायचं, तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं, हे तिचं काम. तो शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा आणि असली म्हातारी यंत्रं घरी नेऊन जिवंत करायचा. मग दर शनिवारी त्याची फेरी ठरली, आणि तिचा शनिवारचा नवा ड्रेसही. काका मिशीत हसायचे, “आज भंगाराला पाहुणे वाटतं!”

त्याला खरा हवा होता तो हिरव्या अक्षरांचा कॉम्प्युटर, काळ्या पडद्यावर नुसती हिरवी अक्षरं उमटणारा, जुन्या काळातला. त्याचे वडील तरुणपणी कारखान्यात तेच जोडायचे. आता ते अंथरुणाला खिळले होते.

“एकदा सुरू झालेला बघायचाय म्हणतात. आला की सांगाल ना?”

“आणि मिळाल्यावर आम्हाला विसरणार!”

“मिळाला की तुमची सुटका. डोकं खायला येणार नाही कुणी.”

त्याने गंमत केली. तिच्या काळजाला ती लागली.

पुढच्याच आठवड्यात एका बंद पडलेल्या कचेरीच्या मालात तो कॉम्प्युटर आला. तिने तो फोडला नाही. टेबलाखाली ढकलून वर पोतं टाकलं.

शनिवारी त्याने विचारलं, “आला?”

“नाही हो...”

एवढाच शनिवार, असं तिने मनाला बजावलं. मग आणखी एक. मग आणखी... प्रेम आंधळं असतं म्हणतात. तिचं लबाडही निघालं.

आणि एकाएकी तो यायचाच थांबला. परत आला तेव्हा त्याचे गाल बसले होते.

“बाबा गेले,” तो म्हणाला. “आता तो कॉम्प्युटर मिळाला काय, न मिळाला काय... तरी पाय इकडेच वळले. खरं सांगू? मी नुसता त्याच्यासाठी येतच नव्हतो.”

हेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. गप्प राहिली असती तर त्याला कधी कळलंही नसतं. पण असं खोटं उशाशी घेऊन त्याच्याबरोबर जन्म कसा काढणार? तिने वाकून पोतं ओढलं.

तो बघतच राहिला. “कधी आला हा?”

“तुम्ही सांगितलंत ना... त्याच्या पुढच्याच आठवड्यात. मला वाटलं, मिळाला की तुम्ही येणार नाही —”

“बाबा शेवटपर्यंत विचारत होते, आला का रे?”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तिला रडू फुटलं.

“घेऊन जा ना...”

“कुणाला दाखवू?”

तो वळला. ती मागून ओरडली, “माझं प्रेम आहे हो तुमच्यावर!”

फाटकाशी तो क्षणभर थांबला.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच जास्त लागतंय.”

आणि तो निघून गेला.