हात थांबला की

शोधाची यादी पुन्हा थेट आख्यानाच्या शेवटावर गेली, तेव्हा शर्वरीने कपाळावर हात मारून घेतला.

त्या काळी शोधाचं पान कोणी नव्यानं लिहीत नसे. शोधखिडकी, गाळणी, निकालांची यादी असे ‘एकजीव घटक’ तयार मिळत. आपण नुसते मांडायचे. समईवरून समई लावावी तशी त्यांची नक्कल होई, पण ज्योत मात्र सगळीकडे एकच राही. घटक एका पानावर जे शिके, ते जगभरच्या पानांवर त्याच क्षणी उतरे. आणि ही यादी शिकली होती दुकानांत, स्टेशनांवर, घाईच्या माणसांकडून.

शर्वरी पान मांडत होती ते वाईच्या कीर्तनसंग्रहासाठी. तिथे हजारो तासांचं ध्वनिमुद्रण नावनिशाणीविना पडून होतं. यादीवाचून त्यातलं काही हाती लागणं अशक्यच. आठल्येबुवांचा आवाज शस्त्रक्रियेत गेला होता आणि त्यांची शिष्या भार्गवी रामनवमीला प्रथमच कीर्तनाला उभी राहणार होती. तिला बुवांचा पूर्वरंग हवा होता, म्हणजे कीर्तनाचा पहिला, निरूपणाचा भाग. यादी नेमका तोच कापून गोष्ट पुढे करी.

“तुझी यादी म्हणजे आरतीला न थांबता प्रसादाला पळणारी, पोरी,” बुवा कुजबुजले.

“लोकांना एवढंच हवं असतं असं तिला वाटतं, बुवा.”

“मग तिला श्रोते दाखव की.”

शर्वरीला ते पटलं. तिने गावातली जुनी श्रोतेमंडळी रोज पडद्यापुढे बसवली. मंडळी कीर्तनाला बसतात तशीच बसली, हात मांडीवर अन् डोळे मिटून. यादीला डोळे नव्हते; तिला कळायचा तो काचेवरचा स्पर्श. आजवर हात थांबला की माणूस कंटाळला असं धरून ती पुढचा निकाल आणी, आणि तरीही हात हलला नाही तर मदत बोलावी. आता ती शिकली, की हात थांबला म्हणजे माणूस रंगला. त्याला हलवू नये.

पूर्वरंग अखंड वाजू लागला. स्वतःचाच आवाज ऐकून बुवांचे डोळे भरून आले.

आठवडाही झाला नसेल, घटक सांभाळणाऱ्या कचेरीतून नचिकेतचा फोन आला. दूरच्या शहरात एकट्या राहणाऱ्या एका गृहस्थांनी छातीत कळ येताच शोध घेतला होता. हृदयाची माहिती सुरू झाली आणि त्यांचा हात खाली गळला. यादी शांतपणे माहिती सांगत राहिली.

“ते गेले, शर्वरी.”

कीर्तनापुरती यादी वेगळी करता येईल का, म्हणून ती त्याच्याशी खूप भांडली. ज्योत एकच आहे, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. शेवटी तिने सारं बुवांच्या कानावर घातलं.

“आधी जीव,” बुवा म्हणाले. “तिला शिकवलंस ते पुसून टाक.”

कचेरीने यादीला नवा धडा दिला. हात थांबला, की संकट. तोही जगभरच्या पानांवर त्याच क्षणी उतरला.

भार्गवी ऐकायला बसली. अभंगाच्या दुसऱ्या चरणाला तिचे डोळे मिटले, तोच बुवांचा आवाज तुटला. ‘आपण शुद्धीवर आहात का? मदत निघाली आहे.’ तिने दचकून काचेवर बोट टेकलं. मग ते हलतं ठेवूनच ती ऐकायला शिकली. पूर्वरंग तिला शब्दन्‌शब्द पाठ झाला. विरघळली मात्र ती एकदाही नाही.

रामनवमीला तिने नमन म्हटलं आणि समोर पाहिलं. मांडव भरलेला होता. डोळे सगळ्यांचे उघडे होते, आणि मांडीवर टेकलेल्या प्रत्येक हाताचं एक बोट हळूहळू हलत होतं.