नाव विचारलं तर ती लाजली

हे खरं घडलं आहे. पुस्तकांत आयुष्य गेलेल्या म्हाताऱ्याला भास होतात, असं तुम्ही म्हणाल. मलाही कधी कधी तसंच वाटतं. पण तिला पहिल्यांदा मी पाहिलं नाही...

शेजाऱ्याने पाहिलं.

साल १९९४. कार्तिकातली संध्याकाळ. बनारसबाहेर, सारनाथच्याही पुढची नवी कॉलनी.

ब्रह्माघाटावरची भाड्याची जागा सोडून मी तिथे एकटाच राहायला आलो होतो. माझी बायको कालिंदी आदल्या वर्षी कार्तिकस्नान करून वर येताना पायऱ्यांवर कोसळली. ओल्या लुगड्यातच गेली.

इथला आमचा प्लॉट तिने एकदाच पाहिला होता. तेव्हा तिथे मोहरीचं शेत होतं.

त्या संध्याकाळी वीज गेलेली. शेजारचे गोपीनाथ, रेल्वेतले, हसत फाटकाशी आले.

“क्या मास्टरजी, घरवाली को छिपाकर रखे थे?”

मी फाटकाशी गेलो.

“अभी एक माताजी आई थीं. आपके तरफ की, नौ गज की लांगवाली साड़ी. पूरी भीगी हुई. पूछ रही थीं, हमारे ‘ये’ किधर रहते हैं? हम बोले, नाम तो बताइए...”

“मग?” माझ्या तोंडून मराठीच निघालं.

“लजा गईं. नाम नहीं लीं. आगे चली गईं.”



उभ्या संसारात कालिंदीने माझं नाव घेतलं नव्हतं. ब्रह्माघाटाच्या गल्लीत गरजच नव्हती. ‘आमचे हे’ म्हटलं की दुर्गाघाटापर्यंत कुणीही हात करून दाखवायचं.

मी रस्त्यावर धावलो.

कुणी नव्हतं.

धुळीत ओली पावलं... एकेका फाटकापर्यंत गेलेली, तिथून परतलेली.

माझ्या फाटकाशीही.

दूर, शेवटच्या अर्धवट घरापाशी... कडी वाजली.

“अहो... आहात का?”

“कालिंदी! इकडे!” मी ओरडलो. मला धड ओरडताही येत नाही.



मग तोच आवाज... त्या घराच्याही पलीकडून.

फाटकावर मी मोठ्या अक्षरांत तिचं नाव लिहून ठेवलं आहे. दर कार्तिकात कुणी ना कुणी सांगतंच, एक भिजलेली म्हातारी येऊन गेली म्हणून. आता शेतं संपली. घरांपुढे घरं झाली, सगळी एकसारखी.

यंदा ती दिसली हमरस्त्यापलीकडच्या वस्तीत.

दर वर्षी थोडी आणखी लांब जाते...