वाळू अजून पिकली नाही

सकाळी फुटाणी आपल्या कोपऱ्यावर आली, तेव्हा वाळू जागेवर नव्हती.

वाळू ती काय, असं कोणाला म्हणायचं असेल तर त्याने दाणे भाजणाऱ्याच्या पोरीसमोर म्हणून बघावं. ही वाळू तिच्या आजोबांनी नदीतून आणली होती आणि वडिलांनी, म्हणजे आबांनी, उभा जन्म तापवली होती. दोन पिढ्या शेंगदाण्यांचं तेल पिऊन ती काळी, गुळगुळीत झाली होती… मुठीत घेतली तर बोटांमधून पाण्यासारखी ओघळायची. तीत चुकून खडे भाजले असते तरी लोकांनी मिटक्या मारत खाल्ले असते. असं तिचे आबा सांगत, आणि आबांची थाप इतकी गोड असायची की खऱ्याने तिच्यापुढे मान खाली घालावी.

कढईला भोक पडलं म्हणून ती लोहाराकडे दिली होती. वाळू तेवढी पोत्यावर पसरून समोरच्या नव्या इमारतीच्या भिंतीलगत ठेवली होती. पोतं होतं. झटकून, नीट घडी घालून ठेवलेलं.

फुटाणीने वर पाहिलं. बांबूंच्या परांचीवर एक लांबलचक गवंडी भिंतीला गिलावा करत होता.

"अहो… अहो, वरचे. इथली वाळू बघितली का?"

थापी हवेतच थांबली. "कसली वाळू?"

"काळी. एवढी, कढईभर."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं. मग हातातल्या घमेल्यात पाहिलं, आणि तिथेच बराच वेळ पाहत राहिला.

"खाली येतो," तो म्हणाला, आणि आला तो असा आला, की शिडीच्या शेवटच्या पायऱ्यांशी त्याचा काही संबंध आला नाही. धपकन तिच्या पुढ्यात. अंगभर सिमेंट, डाव्या भुवईवर एक ठिपका.

"लागलं का?"

"नाही. मी असाच उतरतो."

फुटाणीला एवढ्या दुःखातही हसू आलं. त्याने ते पाहिलं, आणि मग बिचारा जे सांगायला खाली उतरला होता, ते सांगायचंच विसरला.

"नवी आणून देतो," तो म्हणाला. "नदीची. चाळून, धुऊन."

"तुम्ही का?"

"आमच्याकडे… वाळूच वाळू असते."

कामावर त्याला सगळे ओळंबा म्हणत. उंच, सडपातळ आणि भिंत उभी आहे का ते बघायला सोडतात त्या दोरीसारखा सरळ. मुकादम म्हणायचा, ह्याला दोरीला बांधून नुसता खाली सोडा, भिंतच लाजून सरळ होते. बोलण्यातही कधी तिरकेपणा नाही. त्या सकाळी मात्र ओळंबा पहिल्यांदाच जरासा हलला. पण फुटाणी त्याला तेव्हा कुठे ओळखत होती?

आबांनी घरी खाटेवर बसून सगळं ऐकलं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते कोपऱ्यावर येत नसत.

"मी शेवटचाच राहिलो होतो," ते म्हणाले.

खरंच होतं. एकेकाळी तो रस्ता म्हणजे नुसता वासांचा बाजार. कणसं भाजणारी म्हातारी होती, तिच्या धुराला ढग समजून बेडूक ओरडायला लागायचे. साखरेचा कापूस विकणारा होता. एकदा वाऱ्याने त्याचा कापूस उडाला तो थेट टॉवरच्या घड्याळाला चिकटला, मुंग्यांनी काटे धरून ठेवले, आणि त्या दिवशी शाळा सुटलीच नाही. सगळे गेले. भांडून कोणी गेलं नाही. एक दिवस आले नाहीत, एवढंच. आता त्यांच्या जागी काचेच्या दाराची दुकानं होती आणि आत आकड्यांना लटकणारी पाकिटं, ज्यांना फोडेपर्यंत वास नसायचा आणि फोडल्यावरही फारसा नसायचा.

"नवी वाळू पिकवीन, आबा."

"पिकव की. समोरची परांची उतरायच्या आत पिकली तर दाण्यांची गाडी तुझी. नाहीतर आत्याने पाकिटांच्या कारखान्यात तुझी जागा बघून ठेवलीय, तू तिकडे जायचं. गाडी मी मोडीत काढतो."

"आबा…"

"कच्च्या वाळूवरचे करपलेले दाणे माझ्या कोपऱ्यावर विकायचे नाहीत, पोरी. म्हातारपणी तेवढी शोभा नको."

संध्याकाळी ओळंबा खांद्यावर पोतं घेऊन हजर. चाळण कमरेला, ठिपका अजून भुवईवर.

वाळू पिकवणं म्हणजे काय, हे त्याला फुटाणीने शिकवलं. ती तापवायची, मूठभर फुटके दाणे टाकायचे, झाऱ्याने हलवत राहायचं, दाणे काढून पुन्हा वाळू चाळायची. रोज. दाण्यांचं तेल हळूहळू तिच्यात मुरतं. नवी वाळू कढईत करकर करते, दाण्याला एकीकडे जाळते आणि एकीकडे तशीच सोडते.

"आणि पिकली की?"

"पिकली की गप्प होते. पिकलेली वाळू बोलत नाही."

"म्हणजे तुम्ही अजून…"

"पुढे बोलाल तर झारा गरम आहे."

"नाही, मी वाळूचंच म्हणत होतो."

फुटाणी हे नाव तिला उगाच नव्हतं पडलं. तापायला वेळ लागत नसे, आणि तापली की तडतडल्याशिवाय राहत नसे. पण ह्या माणसावर तडतडून काही उपयोग नव्हता. तो शांतपणे गाडीच्या कडेला उकिडवा बसायचा आणि करपलेले दाणे एक-एक करून खायचा.

"कसे आहेत?"

तो विचार करायचा. खोटं बोलवत नसे त्याला. "…गरम आहेत."

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस आला. ओळंब्याने झटकन घमेलं उचललं आणि छत्रीसारखं धरलं. तिच्या डोक्यावर नाही हं, कढईवर.

"वा," ती म्हणाली. केसांतून पाणी गालावर येत होतं. "मी भिजले तरी चालेल."

"तुम्ही वाळाल. वाळू भिजली तर पहिल्यापासून…" तो मध्येच थांबला. मग दुसऱ्या हाताने त्याने आपल्या खांद्यावरचं फडकं काढून तिच्यापुढे धरलं, भलतीकडेच बघत. फडक्याला चुन्याचा वास होता. फुटाणीने चेहरा पुसला तो जरा सावकाशच पुसला.

आणि मग ती संध्याकाळ आली. फुटाणीने झारा फिरवला, आणि कढईतून काहीच आवाज आला नाही. पुन्हा फिरवला. वाळू रेशमासारखी वळली, गप्प. दाणे चहूबाजूंनी सारखे खरपूस झाले. आवाज येत होता तो फक्त फुटाणीच्या छातीतून, आणि तो त्याला ऐकू जाईल की काय, ह्या भीतीने तिने झारा कढईवर उगाच खणखणा आपटला.

"झाली का?" ओळंब्याने विचारलं.

झाली म्हटलं, की उद्यापासून तो कशाला येणार? आणि नाही म्हटलं, तर… तर परांची अजून उभी होती की.

"नाही," ती म्हणाली. "आतून कच्ची आहे."

त्याने चिमूटभर वाळू तळहातावर घेतली, फुंकली, बोटांमधून सोडली. "हो," तो म्हणाला. "कच्चीच दिसतेय."

बरं झालं, गवंड्याला ह्या वाळूतलं काही कळत नाही, असं फुटाणीच्या मनात आलं.

पण खोटं निभवायचं म्हणजे मेहनत आली. पिकल्या वाळूत दाणे करपवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. फुटाणी रोज शेगडी दुप्पट पेटवायची, झारा थांबवायची, तोंडाने "बघा, करपलेच" म्हणायची. तो रोज ते कोळसे खायचा. त्याचे दात असे काळे पडले की मुकादमाने त्याला दातवण बदलायला सांगितलं. इकडे गिऱ्हाईक पाठ फिरवत होतं, तिकडे परांचीचे बांबू वरून एक-एक करून कमी होत होते, आणि घरी आत्याचा फोन येत होता, की जागा फार दिवस थांबत नाही. रोज फुटाणी ठरवायची, आज सांगायचं. रोज तो यायचा, चाळण ठेवायचा, म्हणायचा, "काय म्हणतेय वाळू?" आणि ठरवलेलं सगळं वाफ होऊन जायचं.

शेवटी आबा म्हणाले, "उद्या परांची उतरतेय. दुपारी मी येऊन बघतो."

त्या संध्याकाळी शेगडी पेटली, पण दोघांचंही लक्ष कढईत नव्हतं.

"उद्या तुमचं काम संपलं म्हणे."

"संपलं. पुढची इमारत गावाच्या पार त्या टोकाला."

"तिकडे दाणे मिळतात?"

"…पाकिटातले."

फुटाणीने झारा फिरवला. मग ओळंबा म्हणाला, "वाळूचं एक सांगायचं होतं."

तिच्या हातातला झारा थबकला. "काय?"

"उद्या… उद्या सांगतो."

ओळंब्याने आजवर कुठलंच काम उद्यावर टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बांबू उतरले. भिंतीला ओलावा राहावा म्हणून इतके दिवस तिच्यावर भिजवलेली गोणपाटं टांगलेली होती, तीही निघाली. भिंत पहिल्यांदा उघडी झाली, दुपारचं ऊन तिच्यावर सपाट पडलं, आणि भिंत तापली.

आणि वास सुटला.

साधासुधा नव्हे. कढईतून नुकत्या काढलेल्या खमंग दाण्यांचा, जुना, ओळखीचा वास. पुडी हातात घेऊन घरी पळत जातानाचा. शिंप्याने सुई गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये तशीच सोडली. न्हाव्याकडचा माणूस अर्ध्या दाढीने बाहेर आला. दाताच्या डॉक्टरकडचा रोगी उघड्या तोंडानेच जिना उतरला, आणि त्याच्यामागे डॉक्टर, तेही उघड्या तोंडाने. काचेच्या दुकानातला विक्रेता आधी खिडकीतून हुंगत होता, मग दार उघडं टाकून तोही आला. सगळा रस्ता भिंतीला नाक लावून उभा.

"कोण भाजतंय?"

फुटाणीची शेगडी अजून पेटलीच नव्हती. ती हळूहळू वळली. भिंतीवर, माणूसभर उंचीवर, गिलाव्याचा एक पट्टा बाकीच्याहून सावळा होता. हा वास तिने झोपेतही ओळखला असता. आजोबांची वाळू.

ओळंबा कोपऱ्यात उभा राहून ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत होता. गुंडाळून झाली होती, तरी गुंडाळत होता.

"तू?" ती म्हणाली. इतक्या दिवसांचं 'तुम्ही' कुठल्या कुठे गेलं.

"मी. पहाटे अंधार होता. खाली वाळू दिसली, मुकादमाने टाकली असेल असं वाटलं, सिमेंटमध्ये कालवली. तू विचारलंस तेव्हा अर्धी भिंतीवर होती, अर्धी घमेल्यात. ती परत कशी देणार? सांगायलाच उतरलो होतो, पण… तू हसलीस."

फुटाणीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाळूसाठी नव्हे, दुसऱ्याच कशासाठी. "म्हणजे इतक्या संध्याकाळी… नुसती भरपाई चालली होती?"

"भरपाई," तो दोरीकडे बघत म्हणाला, "वाळू गप्प झाली त्याच दिवशी संपली."

ती बघतच राहिली. "तुला कळलं होतं?"

"जन्मभर वाळूच चाळतोय मी. तू कच्ची म्हणालीस. वाटलं, ही म्हणते तर… आपण कशाला पिकवा."

"आणि रोज कोळसे खाल्लेस ते?"

"ते खरे होते," ओळंबा म्हणाला. "ते फार वाईट होते."

गर्दी बाजूला सरकत होती. काठी टेकत आबा येत होते, नाक पुढे आणि डोळे अर्धे मिटलेले. भिंतीपाशी येऊन त्यांनी तळहात गिलाव्यावर ठेवला आणि बापाच्या पाठीवर ठेवावा तसा थोडा वेळ तिथेच ठेवला. मग गाडीशी गेले, शेगडी पेटवली, वाळू तापू दिली, मूठभर दाणे टाकले आणि कढईला कान लावला. रस्त्याने श्वास रोखला.

"ही तर केव्हाचीच पिकलीय," आबा म्हणाले. "मग दाणे करपत का होते?"

फुटाणी जमिनीकडे बघू लागली. ओळंबा भिंतीकडे बघू लागला. आबांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, मग त्याच्या काळ्या दातांकडे. सगळा हिशेब त्यांना तिथेच लागला.

"आत्याला कळव," ते म्हणाले. "म्हणावं, जागा दुसऱ्या कोणाला दे. आणि तू रे. माझ्या बापाची वाळू भिंतीत घातलीस."

"हो, आबा."

"भिंत सरळ आहे ना?"

"ओळंब्यात आहे."

"मग राहू दे. ह्या रस्त्यावरचे सगळे उठून गेले. एक तरी आता हलणार नाही."

मागून कोणीतरी, बहुधा अर्ध्या दाढीचा, म्हणालं, "आबा, पुड्या सुरू करा की." रांग शिंप्याच्या दुकानापर्यंत गेली होती. काचेच्या दुकानातला विक्रेता तिसरा उभा होता आणि कोणाच्या नजरेला नजर देत नव्हता.

फुटाणीने पहिली पुडी बांधली. चारी बाजूंनी सारख्या, खरपूस दाण्यांची. रांगेतल्या कोणालाच न देता ती ओळंब्याच्या हातात ठेवली. त्याने एक दाणा तोंडात टाकला. डोळे मिटले. इतक्या दिवसांच्या कोळशांनंतर बिचाऱ्याच्या जिभेला काय झालं असेल ते तिचं तिला माहीत.

"कसे आहेत?" तिने हळूच विचारलं.

खोटं बोलवत नाही अशी ज्याची ख्याती, तो माणूस तो एवढासा दाणा फार वेळ चावत राहिला. भुवईवर सिमेंटचा नवा ठिपका होता.

"जरा… कच्चे वाटतात," तो म्हणाला. "उद्या पुन्हा येऊन बघावे लागतील."

फुटाणीने त्याच्या पुडीत वरून आणखी मूठभर दाणे टाकले.

"परवाही बघ," ती म्हणाली.