अकरा सेकंद

तपासनीसाची एक ठरलेली पद्धत होती. बेल एकदाच वाजवायची आणि घड्याळाकडे बघत राहायचं. अंथरुणाला खिळलेला म्हणून सरकारी भत्ता घेणारा माणूस स्वतःच दार उघडायला आला, तर किती सेकंदांत आला ते अर्जावर लिहायचं. डॉक्टरांचे कागद त्याच्या लेखी रद्दी. एकोणीस वर्षांत आपल्याला कुणी चकवलं नाही, असं तो चहा पिताना सहकाऱ्यांना ऐकवायचा, आणि तेही बिचारे ऐकून घ्यायचे.

तीन महिन्यांपूर्वी या तिसऱ्या मजल्यावरच्या दाराशी त्याने ‘अकरा सेकंद’ लिहिलं होतं. मोरपंखी स्वेटर घातलेली एक तरुणी दारात येऊन उभी राहिली होती. यादीत अजून सात घरं होती. आत पाऊलही न टाकता त्याने सही ठोकली. भत्ता बंद झाला.

आज फेरतपासणीला दार उघडलं ते आईने.

मुलगी पलंगावर होती. चेहरा तोच, स्वेटरही तोच. पांघरुणाबाहेर पावलं, एकात लाल मोजा, दुसऱ्यात निळा. बोलणं नाही, मान वळवणं नाही. फक्त डोळे त्याच्याबरोबर फिरत होते.

“भत्ता गेला, तशी दिवसभराची बाईही गेली,” आई म्हणाली. “मी कारखान्यात. हिला कूस बदलून द्यायला कुणी नाही. पाठीला जखमा झाल्यात.”

“पण मी हिला बघितलंय हो. इथं, दारात.”

“त्या दिवशी बाई आलीच नव्हती, साहेब. मी बाहेरून कुलूप लावून गेले होते.”

त्याला वाटलं, आता ही भडकणार. पण आईने खालच्या आवाजात विचारलं, “उभी होती?”

“हो.”

“केवढी वाटली?”

त्याने आपल्या कानाशी हात आडवा धरला. आई त्या हाताकडे बघत राहिली.

“पंधराव्या वर्षी पडली. बारा वर्षं झाली. झोपलेल्या माणसाची उंची कळत नाही हो,” ती म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने जुनी नोंद खोडली, ‘दार कुणीही उघडले नाही’ असं लिहिलं आणि सही केली. भत्ता पुन्हा सुरू होणार होता. खोटी नोंद त्याने आयुष्यात पहिल्यांदाच केली होती.

आई कामावर जायला त्याच्याबरोबरच निघाली. तिने कुलूप लावलं, ओढून बघितलं, किल्ली मुठीत घेतली. पण जागची हलली नाही.

“साहेब, एकदा बेल वाजवाल? मी रोज वाजवून बघते. मला नाही उघडत.”

“आणि उघडलं तर?” त्याने विचारलं. “मला लिहावं लागेल, बाई.”

“तुम्ही घड्याळाकडे बघा.”

त्याने बेल वाजवली. एकदाच.

तीन. चार. आत पलंग करकरला.

सात. फरशीवर काहीतरी मऊ घासलं.

अकरा.

कुलूप वाजलं नाही. औषधांचा वास मात्र एकदम अंगावर आला. त्याने मान वर केली नाही. घड्याळाच्या पलीकडे, उंबऱ्यावर, एक लाल मोजा होता, एक निळा.

शेजारी आईचा हात हळूहळू वर गेला, त्याच्या कानापर्यंत.

“केवढी झालीस गं,” ती म्हणाली.